टॅपेट एकदा तरी स्वतः सेट करा

मित्रांनो, डबे पोचवायला स्कूटर वापरता ना? मग ती तुमची मशिनरीच. ती बंद, तर धंदा बंद. म्हणून माझं स्पष्ट मत: टॅपेट सेटिंग एकदा तरी घरी स्वतः करा. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला. मग मॅन्युअलमध्ये दिलेला गॅप फीलर गेजने मोजायचा. गॅप वाढला की टकटक आवाज येतो, आपण घाबरतो. पण खरा धोका गॅप कमी झाला की! आवाज येत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळूही शकतो. उधारीही अशीच गुपचूप वाढते. पुढे गाडी मेकॅनिककडे खुशाल द्या; पण काय तपासायचं, ते तुम्हाला माहीत हवं.