पॅकेज किती, तास किती?

वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या आपल्या समाजात वाढते आहे. सी.ए., एम.बी.ए., बँकिंग ही नावे आता घराघरांत ऐकू येतात. अम्मी-अब्बा कौतुकाने सांगतात, आम्हीही आनंदाने ऐकतो. नोकरी लागली की सगळे विचारतात, "पॅकेज किती?" तास किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतील २६ वर्षांची सी.ए. मुलगी वारली. मूळची केरळची, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. रात्री उशिरापर्यंत आणि सुटीच्या दिवशीही काम करावे लागे, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे कंपनीला मान्य नव्हते. पण ते पत्र देशभर वाचले गेले, कारण अनेक घरांना त्यात आपलीच मुलगी दिसली.

ही रीत न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांतून आपल्याकडे आली. २०१३ मध्ये लंडनच्या एका बँकेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी आलेला २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी दगावला. त्याला अपस्माराचा आजार होता, पण त्याच्या जागरणांची चर्चा जगभर झाली. पुढे २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने नियम केला, की प्रशिक्षणार्थींनी मध्यरात्र ते सकाळी ७ या वेळेत कार्यालयात थांबू नये. म्हणजे सवलत मिळाली, तरी सतरा तास उरलेच!

हुशार मुले हे मुकाट्याने का सोसतात? कॅरेन हो या अभ्यासिकेने 'लिक्विडेटेड' या पुस्तकात याची मुळे प्रिन्स्टन आणि हार्वर्डच्या आवारात दाखवली आहेत. बँकांचे लोक तिथे येतात आणि जगातले सर्वांत हुशार लोक आमच्याकडेच येतात, असे मुलांच्या मनावर ठसवतात. लहानपणापासून पहिला नंबर काढलेल्या मुलाला मग थकलो म्हणणे म्हणजे नापास होणे वाटते. अलेक्झांड्रा मिशेल यांनी दोन बँकांतील तरुणांचा नऊ वर्षे मागोवा घेतला. साधारण चौथ्या वर्षापासून त्यांची शरीरे कुरकुरू लागल्याचे त्यांना आढळले.

आपली महाविद्यालये याच वाटेने चालली आहेत. बायोडेटा, गटचर्चा, मुलाखतीची तालीम, टायची गाठसुद्धा शिकवतात. नेमणूकपत्र कसे वाचावे, हे मात्र क्वचितच कुणी शिकवते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. पण व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाची पदे त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा बावीस वर्षांच्या पोरीच्या पदनामात 'मॅनेजर' हा शब्द दिसला, तर मिठाई वाटण्याआधी त्याचा अर्थ विचारून घ्यावा.

जमले तर आणखी एक करावे. दोन वर्षांपूर्वी त्याच कंपनीत लागलेली मुलगी गावात, नात्यात, कुठे ना कुठे सापडतेच. तिला गाठावे. पगार विचारू नये, तो ती आपणहून सांगेल. रोज घरी किती वाजता येतेस, रमजानमध्ये इफ्तारला किती दिवस घरी होतीस आणि तुझ्याबरोबर लागलेल्यांपैकी आज तिथे कितीजण उरलेत, एवढे विचारावे.