पटकथाकार तेंडुलकर आणि मराठीचा वर्ग

मराठीच्या वर्गात विजय तेंडुलकर (१९२८–२००८) हे नाव घेतले की ओघाने येतात ती नाटके. एकांकिका येतात, क्वचित ललितलेखनही येते. पटकथा मात्र येत नाहीत. आल्याच तर लेखकपरिचयाच्या शेवटच्या ओळीत, ‘चित्रपटांसाठीही लेखन केले’ अशा उल्लेखापुरत्या. वास्तविक ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी चित्रपट केला, तेव्हापासून बारा वर्षांत ‘सामना’ आणि ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६), ‘सिंहासन’ (१९७९), ‘आक्रोश’ (१९८०), ‘उंबरठा’ (१९८२) आणि ‘अर्धसत्य’ (१९८३) अशा पटकथा या एकाच लेखणीतून उतरल्या. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनसाठी त्यांनी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली. एवढे लेखन एखाद्या कादंबरीकाराने केले असते, तर आपण त्याला ‘कालखंड’ म्हटले असते.

पटकथा हा मुळात वाङ्मयप्रकारच नव्हे, ती चित्रपटाची पूर्वतयारी आहे, असा यावर आक्षेप घेतला जातो. संवाद अनेकदा दुसऱ्याचे, दृश्य छायालेखकाचे, अंतिम निर्णय दिग्दर्शकाचा. मग लेखकाचे असे उरते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘आक्रोश’मध्येच शोधावे असे आम्हांला वाटते, कारण तिथे संवादही तेंडुलकरांचे नाहीत, दुबे यांचे आहेत.

पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलाशीदेखील बोलत नाही. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित आहेत. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे आणि व्यवस्थेत आपली जागा राखून आहे. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी बेड्यांसह आणलेला लहान्या कुऱ्हाड उचलतो आणि आपल्या बहिणीलाच मारतो. पत्नीच्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. त्यानंतर त्याच्या कंठातून निघतो तो केवळ आक्रोश.

आता १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता!’ आठवावे. तिथेही एक खटला आहे आणि घेरली गेलेली आरोपी आहे. परंतु बेणारेला शेवटी स्वगत मिळते. भोवतालची पात्रे गोठून उभी राहतात, तिचे बोलणे कोर्टापर्यंत पोहोचत नाही. प्रेक्षकांपर्यंत मात्र पोहोचते. लहान्याला तेवढेही मिळत नाही. एका लेखकाने दोन माध्यमांत दोन खटले लिहिले आणि आरोपीच्या मौनाचे दोन वेगळे शेवट केले. नाटकात ते शब्दाने फुटते, पटकथेत कृतीने. कोणी बोलायचे नाही, कधीपर्यंत बोलायचे नाही आणि ते न बोलणे कोणाच्या बडबडीशेजारी ठेवायचे, हे ठरवणे म्हणजेच पटकथालेखन. संवाद म्हणजेच लेखन असे मानणाऱ्या आपल्या समीक्षेच्या हाती ते लागत नाही.

आम्ही घोडेगावात शिकवतो, म्हणून हा प्रश्न आम्हांला निव्वळ सैद्धान्तिक वाटत नाही. आंबेगाव तालुक्याचा पूर्वभाग उसाचा आणि सहकारी साखर कारखान्याचा. पश्चिमेला डिंभे धरणाचे पाणी आणि त्यापलीकडे भीमाशंकरपर्यंत महादेव कोळ्यांच्या वाड्यावस्त्या. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावातच आहे. ‘सामना’तला कारखान्याभोवतीचा सत्ताव्यवहार आणि ‘आक्रोश’मधले रानालगतचे जग एकाच बाकावर शेजारी बसावे, अशी ही भूमी आहे. हे साम्य घटनांचे नव्हे, सामाजिक रचनेचे. पण वर्गात तेवढे पुरेसे असते.

अशा वर्गात ‘आक्रोश’ केवळ गौरवाने शिकवता येणार नाही. आदिवासी नायकाला मौन आणि शहरी वकिलाला वाणी, ही वाटणी कोणी केली, असा प्रश्न पश्चिमेकडच्या गावातून आलेला विद्यार्थी विचारू शकतो. त्याने तो विचारलाच पाहिजे. आमचे मत असे की, लहान्याचे मौन हे दुबळेपण नव्हे. बोलून काही साधत नाही हे ओळखलेल्या माणसाचे ते शहाणपण आहे. परंतु त्या मौनाची किंमत ज्या बहिणीला मोजावी लागली, तिचे मत तर पटकथेनेही विचारलेले नाही. हा वाद मोलाचा आहे, आणि तो घालायचा तर पटकथा पाठ्यवस्तू म्हणून समोर हवी.

पटकथा अभ्यासक्रमात अजिबात नाही असे नव्हे. ‘उपयोजित मराठी’ किंवा ‘प्रसारमाध्यमांसाठी लेखन’ अशा शीर्षकांखाली ती येते; पण रोजगाराचे कौशल्य म्हणून, जाहिरात आणि वृत्तलेखन यांच्या शेजारी. कौशल्य शिकवण्यास आमचा विरोध नाही. मात्र अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून एक पटकथा कशी घडली, शांता निसळ यांच्या ‘बेघर’चा ‘उंबरठा’ होताना काय गळले, श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेतून ‘अर्धसत्य’ कसे विस्तारले, हे प्रश्न कौशल्याचे नाहीत, साहित्याचे आहेत.

तेव्हा पदव्युत्तर वर्गाच्या नाट्यवाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत किमान एक पटकथा मूळ कथेसह आणि चित्रपटासह लावावी, एवढीच आमची मागणी आहे. तेंडुलकरांचे थोरपण त्यावर अवलंबून नाही. आपल्या वाचनाची व्याप्ती मात्र निश्चितच आहे.