बंदूक वारशात, परवाना नाही!

खंडेनवमीला तुमच्या गावच्या घरी पाटावर काय काय मांडतात? कोयता, विळी, पाना-पक्कड, आणि हल्ली एखाद्या उत्साही काकाचा लॅपटॉपसुद्धा. पण काही घरांत त्या दिवशी माजघरातल्या कपाटातून एक लांबुडकं गाठोडं बाहेर येतं. जुन्या धोतरात गुंडाळलेली दुनळी! तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं, फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, अमेरिकेतली चुलत भावंडं 'वॉव' म्हणतात... आणि बाईसाहेब पुन्हा कपाटात.

यासाठी घराणं देशमुख-इनामदारांचंच असावं लागतं असं नाही हं. फौजेतून निवृत्त झालेले आजोबा, शिकारीचा नाद असलेले पणजोबा, माकडं आणि रानडुकरांनी वैतागलेले कोकणातले बागायतदार, यांच्यापैकी कुणीतरी कधीतरी रीतसर परवाना काढून ती घेतलेली असते. शिकार तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर संपलीच. बंदूक मात्र राहिली. आणि तिचा पुढचा वारस हिंजवडीत कोड लिहीत बसलाय.

आधी कौतुकाचं बोलू. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा बंदूक ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच ती उघडायला सांगा, आत काडतूस नाही ना ते त्यांनाच बघू द्या, आणि मग तिच्या नळ्यांवरचा मजकूर वाचा. मोबाईलची बॅटरी लावून वाचा, कारण खरी गंमत तळाच्या बाजूला असते. 'बारा बोर' म्हणजे बारा गोळ्या मावणारी, असं मला कॉलेजात एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं काही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणूनच वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा बारीक असते!

मग येतात शिक्के. इंग्लंडमध्ये नळी जास्त दाबाने उडवून तपासल्याशिवाय विकायला परवानगी नसे. बर्मिंगहॅमचं तपासणीगृह १८१३ सालचं आहे, आणि मुकुटाखाली अक्षरं असे त्यांचे शिक्के त्यावर सापडतात. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का असेल तर लंबगोलात 'ई एल जी' अशी अक्षरं दिसतात. इथे थोडी निराशेची तयारी ठेवा. वर मोठ्या दिमाखात 'डब्ल्यू. रिचर्ड्स' कोरलेलं असतं, घरात सगळे तिला बड्या इंग्रज कंपनीची म्हणत आलेले असतात, आणि खाली शिक्का निघतो बेल्जियमचा. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित कंपनीशी तिचा काही संबंध नाही. ब्रँडची नक्कल काय फॅशन स्ट्रीटवरच होते?

'आर. बी. रोडा, कलकत्ता' असं नाव निघालं तर मात्र कॉलर ताठ करा. ही दुकानदार कंपनी होती, बनवणारी नव्हे, पण तिच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि हजारो काडतुसं ऑगस्ट १९१४मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी पळवली होती.

नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती डमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून केलेली. बघत राहावी इतकी सुंदर. पण ती जुन्या काळ्या दारूसाठी केलेली असते. आजच्या बिनधुराच्या दारूचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे स्वतःची बोटं पणाला लावणं. पाडव्याला 'एक बार काढूया' म्हणणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा. (हौसेखातर हवेत बार काढला आणि त्याने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीतल्या हिरोंसाठी खास!)

आता मुद्द्याचं. जमीन, दागिने, फ्लॅट यांच्यासारखी बंदूकही मालमत्ता आहे, वारसाहक्काने ती तुमची होऊ शकते. पण परवाना हा त्या एका माणसाला दिलेला असतो आणि तो त्याच्याबरोबरच संपतो. म्हणजे बाबा गेल्यानंतर ती 'आपल्याच घरात तर आहे' म्हणून कपाटात राहू दिली, तर ती विनापरवाना बंदूक झाली. १९५९च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर याची शिक्षा किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, वर दंड. बारावं-तेरावं, बँकेची कामं, सातबाऱ्यावरची नावं या सगळ्या धबडग्यात बंदूक कुणाच्या लक्षात राहते? म्हणूनच सांगतेय. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती जपून ठेवायची. तीसुद्धा वर्षानुवर्षं तिथेच पडू द्यायची नाही, ठरलेल्या मुदतीत सोडवली नाही तर सरकारजमा होऊ शकते.

त्यापेक्षा सोपा रस्ता कायद्यातच आहे, आणि तो फार कमी घरांना माहीत असतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मिळू शकतो. मुलगा, मुलगी, कुणीही.

माझ्या एका मैत्रिणीचे बाबा ७४ वर्षांचे. बंदूक तिच्या आजोबांची, बाबांनी ती चाळीसेक वर्षं दर पावसाळ्याआधी तेलपाणी करून सांभाळलेली. दादा सिंगापूरला, त्याला यात काडीचा रस नाही. हिला आहे, पण विषय काढायचा कसा? 'बाबा, तुमच्यानंतर...' हे वाक्य आपल्याकडे पूर्ण करता येतं का कधी? शेवटी तिने 'तुमच्यानंतर' हा शब्दच गाळला आणि सरळ विचारलं, "बाबा, ही मला शिकवाल का?" बाबा म्हणाले, "तुला? मला वाटलं दादाला विचारायचं." पण त्याच संध्याकाळी त्यांनी परवान्याचं जुनं लाल पुस्तक शोधून काढलं. एवढी वर्षं दोघंही एकमेकांनी विचारायची वाट बघत होते.

पुढची पायपीट तिलाच करायची आहे. पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. वय किमान २१. बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लेखी (दादाकडून व्हिडिओ कॉलवर नव्हे, कागदावर!), पोलीस पडताळणी, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण. घरच्या जुन्या परवान्यावर यूआयएन क्रमांक आहे का, तेही बघून घ्या, तो नसेल तर परवाना वैध धरत नाहीत. मिळाला की पाच वर्षांसाठी, पूर्वी तीन असत.

संख्येचं गणितही बदललंय. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. २०१९च्या विधेयकात सरकारने थेट एकच म्हटलं होतं, त्यावर ओरड झाली आणि आकडा दोनवर थांबला. वारसाने आलेल्याही या दोनातच धरायच्या. नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण 'आमच्या पणजोबांच्या पाच आहेत' म्हणणाऱ्यांचा हेवा करू नका. शेजारच्या कोडगूत कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे, तिथे कैलपोळद या सणाला बंदुका पुजतात. आपली खंडेनवमी कितीही जोरात असो, तशी सूट आपल्याला नाही.

आणि हो, 'अँटिक आहे, हिला कशाला परवाना?' हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज. सूट आहे ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुनाट शस्त्राला. शेताच्या राखणीची, खटका चालू असलेली ठासणीची बंदूक शंभर वर्षांची असली तरी तिला परवाना लागतोच. फार्महाऊसच्या भिंतीवर नुसती टांगायची असली तरी! शिवाय शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावस्तूत मोडते, ती परदेशातल्या दादाकडे भेट म्हणून परस्पर पाठवता येत नाही.

नको असेल तर? तेही ठीक आहे, उगाच अपराधी वाटून घेऊ नका. परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला रीतसर विकता येते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे, त्यामुळे चांगल्या इंग्लिश दुनळीला इथे अजून भाव येतो. लिएजवाल्या 'रिचर्ड्स'ला मात्र फारसा नाही. फक्त देण्याआधी नळ्यांवरच्या त्या शिक्क्यांचे नीट फोटो काढून ठेवा, आणि बाबांना विचारून ती कुणी, कधी, कितीला घेतली होती ते त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.