दिव्यांचा प्रक्षेप

पाठचिकित्सा ही केवळ पोथ्यांची बाब नव्हे, असे जुन्या अमेरिकी मोटारींकडे पाहताना आम्हांस वाटते.

१९६० व १९७० च्या दशकांत शेव्हरोलेच्या पुष्कळ गाड्यांत किरकोळ दिवेही जादा पैसे मोजून मागवावे लागत. कारखान्याच्या यादीत डिकीतल्या दिव्याची खूण यू २५, बॉनेटखालच्या दिव्याची यू २६, राखदाणीवरच्या दिव्याची यू २८. बॉनेट उचलले की दिव्यातला पाऱ्याचा थेंब घरंगळून जोडणी पूर्ण करी आणि दोन्ही हात दुरुस्तीला मोकळे राहत. मालक स्वतः यंत्रात डोकावणारा आहे, हे या दिव्याने गृहीत धरलेले होते.

जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक आज हे दिवे मागाहून बसवतात. सुटा भाग अस्सल असेल तर बिघडले कुठे, असे कुणी विचारील. आमच्या मते हा प्रक्षेपच होय. जुळणीच्या वेळचा कारखान्याचा कागद कधी आसनाच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. तीच त्या गाडीची संहिता. तीत यू २६ नसेल, तर ते नसणे हाही पाठच आहे. कुणी काही डॉलर वाचवले असतील, कुणाला रात्री बॉनेट उघडण्याची वेळ येईल असे वाटलेच नसेल. प्रक्षिप्त ओवी कितीही सुंदर असली तरी चिकित्सक संपादक तिला मूळ संहितेत जागा देत नाही, तळटीपेत देतो. दिवा खुशाल लावावा. मात्र तशी नोंद ठेवावी आणि तो ‘मूळचा’ म्हणून पुढच्या मालकाच्या हाती देऊ नये.