बिनशिक्क्याची पटाशी

भंगाराच्या दुकानात पटाशीला स्वतःचा भाव नसतो. अमळनेर असो, पारोळा असो की धुळं, तिथे ती लोखंडाच्या भावाने तोलली जाते. मोटारीचे कमानपाटे, फुटक्या घमेल्याचा पत्रा आणि मोटरपंपाचे सुटे भाग यांच्यामध्ये ती आडवी पडलेली असते. मूठ गेलेली, डोकं ठोकून ठोकून पसरलेलं, अंगावर लाल गंज. घरातले सुतारबाबा गेले, मुलगा फर्निचरचे ठेके घेऊ लागला, प्लायवूडवर राउटर फिरू लागला आणि आजोबांची पेटी एका दुपारी रिकामी झाली. पेटी सागाची असेल तर तिला गिऱ्हाईक मिळतं. आतल्या पटाश्या, खोबणी पाडायची किंकरी, वाकस, खतावणी वजनावर जातात.

याच ढिगात हात घालणारी एक जमात आता वाढते आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी आणि मुंबईच्या चोरबाजारात तिचे सदस्य हमखास दिसतात. खिशात कापसाचा बोळा आणि थोडं रॉकेल असतं. पातं पुसायचं आणि मुठीजवळ काही कोरलंय का ते बघायचं. शेफिल्ड हे नाव दिसलं की चेहरा खुलतो. मार्पल्स, सॉर्बी, वॉर्ड अँड पेन ही शेफिल्डची जुनी घराणी. त्यातलं मार्पल्स 1828 सालचं. शिक्का दिसल्यावर दुकानदारही सावध होतो आणि किलोचा भाव एकदम नगाचा होतो.

या शिक्क्यांमध्ये ‘कास्ट स्टील’ असे शब्द असले तर जाणकार जास्तच खूश होतात. हे बीड नव्हे. डोंकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. 1740 च्या दशकात शेफिल्डजवळ त्याने बंद मुशीत पोलाद वितळवून ते साधलं. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चांगल्या धारेचं पोलाद म्हणजे मुशीतलं पोलाद, हे समीकरण राहिलं.

पण मुशीत पोलाद करण्याची विद्या दख्खनला हंट्समनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. 1794 मध्ये मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथल्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत तयार होतं असं ठोकून दिलं. माल दक्षिणेतला होता, मुंबई त्याचं बंदर. लंडनचा शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमात पडला. त्याच्या जोडीने 1819-20 च्या सुमारास प्रयोगाला बसलेला तरुण होता मायकेल फॅराडे. हा विजेचा फॅराडे लोहाराचा मुलगा. तेव्हा भंगारातल्या पटाशीवर विलायती शिक्का दिसला म्हणून फार हुरळून जायचं कारण नाही.

खानदेशात विलायती हत्यारं येणं स्वाभाविकच होतं. भुसावळला रेल्वेचे कारखाने होते आणि अमळनेरला प्रताप मिल होती. जिथे यंत्र येतं तिथे साचे करणारा, लाकडी भाग बदलणारा सुतार लागतो आणि तो कारखान्याच्या हत्यारांवर हात बसवतो. गावगाड्यातल्या सुताराची गोष्ट मात्र वेगळी. त्याची पटाशी गावातल्याच लोहाराने घडवलेली असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाड्या’त बलुत्याची सगळी रीत मांडलेली आहे. सुतार आणि लोहार दोघेही त्यात थोरल्या ओळीतले. एकाने भाता ओढायचा, दुसऱ्याने नांगर सांधायचा आणि दोघांनी सुगीला खळ्यावर जायचं. अशा व्यवहारात हत्यारावर नाव कोरायचं कोणासाठी? लोहार कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक.

म्हणून खानदेशात सापडणाऱ्या चांगल्या पटाश्यांवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं, आणि संग्राहक नेमक्या त्याच परत ढिगात टाकतात. ही चूक आहे. शेफिल्डची पटाशी जगभर मिळते. तिच्या कारखान्यांची सूचिपत्रं छापलेली आहेत, शिक्क्यावरून तिचा काळही काढता येतो. पारोळ्याच्या किंवा चोपड्याच्या लोहाराने घडवलेली पटाशी फक्त इथेच मिळणार आणि तिची कुठेही नोंद नाही.

ती ओळखायची कशी? पातं कडेने एकसारखं सरळ नसतं. ऐरणीवरच्या घणाच्या खुणा अंगावर हलक्या चापट्यांसारख्या राहिलेल्या असतात. धारेचा उतार घासून ओला केला की कधी कधी एक रेघ दिसते. वरचं अंग मऊ लोखंडाचं, खाली पोलादाची पातळ पट्टी तापवून चिकटवलेली. पोलाद महाग होतं तेव्हा ते धारेपुरतंच वापरायचं हा शहाणपणा शेफिल्डलाही होता आणि जपानी सुतारांच्या पटाश्यांत तो आजही आहे. मोटारी आल्यावर लोहाराचं काम सोपं झालं. कमानपाटा तोडला की किंकरं, झिजलेली कानस ठोकली की पटाशी. कमानपाट्यात कार्बन साधारण 0.6 टक्के, म्हणून तो चिवट असतो आणि हातोड्याचा मार सोसतो. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर. तिची धार जास्त टिकते, पण पोटात पीळ दिला तर तुकडा उडतो. हे आकडे लोहाराला कोणी शिकवले नव्हते, तरी कोणतं भंगार कुठे वापरायचं हे त्याला बरोबर कळत होतं. कानशीपासून केलेल्या पटाशीच्या पाठीवर दात्यांच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. त्या घासून काढण्याचा मोह आवरावा.

या हत्यारांना काम केवढं होतं ते बैलगाडीच्या चाकाकडे पाहिलं की कळतं. तुंब्यात प्रत्येक आऱ्यासाठी खोबण, पुठ्ठ्यात पुन्हा खोबण. बाभळीच्या गाठाळ लाकडात इंच-इंच खोल जायचं आणि तेही जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून. सातपुड्यातलं अंजनाचं लाकूड असेल तर विचारूच नका. देशातल्या सर्वांत कठीण आणि जड लाकडांत त्याची गणना होते. कपाशीच्या गाड्या रबरी टायरवर आल्या तेव्हा किंकऱ्याचं निम्मं आयुष्य तिथेच संपलं.

आता दुरुस्तीचं. विकत घेतानाच दोन गोष्टी पाहाव्यात. एक, धारेपासून मागे पोलाद किती उरलं आहे. दुसरी, सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का. पाठ आणि उतार हे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती धार. पाठीला खड्डा असेल तर धारेला दात पडणारच, मग उतार कितीही घासा. मुठीचं काही मनावर घेऊ नये, मूठ नवी होते. पसरलेलं डोकंही कानशीने आवरता येतं.

गंजासाठी हल्ली सगळ्यांत बरा उपाय विजेचा. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्ज करायचा चार्जर. ऋण तार पटाशीला, धन तार बाजूला सोडलेल्या लोखंडी सळईला. पटाशी आणि सळई एकमेकींना टेकता कामा नयेत. रात्रभरात लाल गंज सुटून काळा राप उरतो आणि चांगलं पोलाद खरवडलं जात नाही. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बादली उघड्यावर ठेवावी, कारण हायड्रोजन वायू निघतो. चिंचेच्या कोळाने किंवा लिंबानेही गंज जातो, पण आम्ल पोलादही खातं. पटाशी त्यात विसरली की संपलीच.

त्यानंतर पाठ सपाट करणं. काचेवर चिकटवलेला पॉलिश पेपर आणि थोडं पाणी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला आडवाट नाही. पहिला इंचभर भाग आरशासारखा झाला की पुरे. बाकीची काळी पाठ तशीच राहू द्यावी. उतार 25 ते 30 अंशांचा, किंकऱ्याला थोडा जास्त. शेवटी निसण्यावर दोन-चार हात.

बाजारातल्या सराण्यावर मात्र जुनी पटाशी देऊ नये. कोरडं चाक जोरात फिरतं, ठिणग्या उडतात, गिऱ्हाइकाला काम झालंसं वाटतं. धारेवर निळा रंग चढला की पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापून गेलेलं असतं आणि त्याचं पाणी उतरलेलं असतं. अशी पटाशी घरी चकचकीत दिसते आणि सागालाही दबते. निळा भाग घासून पूर्ण काढायचा किंवा लोहाराकडून नव्याने पाणी द्यायचं, एवढेच मार्ग उरतात. लालबुंद पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की ते 770 अंशांवर पोचलं असं समजावं. आणखी जरा तापवून तेलात बुडवायचं आणि पुन्हा मंद आचेवर धरायचं. गवती पिवळा रंग आला की थांबायचं.

मूठ बसवताना बाभूळ किंवा शिसव घ्यावी. शेंबी हरवली असेल तर तांब्याच्या नळीचा तुकडा चालतो. मुठीवर चकाकणारं वार्निश लावणाऱ्यांना काय म्हणावं? घामेजल्या हातात ती निसटते.

पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास दिवे, दौती, अडकित्ते गोळा करायला सुरुवात केली. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्या त्यांच्या संग्रहात आल्या. अडकित्त्याला मोराची मान असते, मैनेची चोच असते, काचेमागे तो शोभून दिसतो. पटाशीला यातलं काहीच नाही. तिची किंमत वापरूनच कळते. त्यामुळे तिचा संग्रह करणाऱ्याने निदान कागद तरी राखावा. पेटी कोणत्या गावातून आली, घरात गाड्या होत होत्या की दारं-खिडक्या, लोहार कुठला, हे भंगारवाल्याला त्याच दिवशी विचारलं तर सांगता येतं. आठवड्याने तोही विसरलेला असतो. पुष्कळ सुतार मुठीवर आपली खूण करत. कोणी दोन खाचा पाडी, कोणी तापल्या खिळ्याने ठिपके देई. जुनी मूठ मोडकी असली तरी या खुणेसाठी ती पटाशीबरोबर बांधून ठेवावी.

सरकारने 17 सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह अठरा व्यवसायांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत सुरू केली. नवी हत्यारं येतात हे चांगलंच आहे. पण नव्या संचाला जागा करताना जुनी पेटी बाहेर काढली जाते. इंग्लंडमध्ये 1979 साली सुरू झालेल्या ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ नावाच्या संस्थेने अशा टाकलेल्या अवजारांची डागडुजी करून ती आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवली. शिकाऊ सुताराच्या हाती लोहाराची जुनी पटाशी देण्यासाठी अमळनेरला एवढा खटाटोप करावा लागणार नाही. खंडेनवमीला घरोघरी अवजारं धुवून पुसून मांडली जातात, हळदकुंकू वाहिलं जातं. पेटीतलं काय वापरात आहे आणि काय उगाच पडून आहे हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. विचारायला जायचं तर तेव्हा जावं, दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत.