विजेचा पंचनामा आणि विजेचा बंदोबस्त

वीज पडून माणूस किंवा जनावर दगावल्याची वर्दी आली नाहीं, असा वळवाचा एकही हंगाम आमच्या कारकुनींत गेला नाहीं. पंचनाम्याचे कागद आमच्याच हातून पुढें जात. त्यांत घटनेच्या जागेपुढें बहुधा एकच प्रकारचा मजकूर असे: आंब्याखालीं, लिंबाखालीं, बाभळीखालीं. पाऊस चुकविण्यासाठीं ज्याचा आश्रय केला, त्याच झाडानें घात केला.

गांवांत मात्र चर्चा होई ती मयताच्या नशिबाची, अगर तो पायाळू होता याची. पायाळूपणाचा विजेशीं कांहींएक संबंध नाहीं. वीज सामान्यतः उंच वस्तूवर पडते. खोडांतून उतरतांना ती जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते व पुढें जमिनींत पसरते. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून जमिनींतील प्रवाह त्याच्या छातींतून जातो आणि सबंध दावण आडवी होते. तेव्हां दोष नशिबास देणें म्हणजे आपली गैरसावधता झांकणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांचे आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती सुमारें १० किलोमीटरांच्या आंत आहे असें समजावें आणि काम टाकून पक्क्या घरांत जावें. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें बाहेर पडूं नये. उघडी छपरी व मचाण हा आसरा नव्हे. विहिरीवरील मोटर बंद करण्यासाठीं धांवूं नये. तारेच्या कुंपणास शिवूं नये. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' हें ॲप मोबाइलवर आगाऊ इशारा देतें. तें घरोघर असावें. वीज पडलेल्या माणसाच्या अंगांत वीज शिल्लक राहत नाहीं. त्यास शिवण्याचें भय न धरतां, श्वास थांबला असल्यास त्याची छाती तालानें दाबीत राहावें व तांतडीनें दवाखाना गांठावा.

घराच्या रक्षणाचा उपाय १७५२ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनीं दाखवून दिला. घराच्या सर्वांत उंच भागीं टोकदार सळई, तिजपासून शक्य तितकी सरळ उतरणारी धातूची जाड पट्टी, आणि ती ओलसर जमिनींत नीट पुरलेली. एवढेंच हें वीज अटकाव यंत्र. तें विजेस अडवीत नाहीं, वाट करून देतें. म्हणून पट्टी तुटली किंवा कोणी तांबें चोरून नेलें, तर उपयोग संपला. दरवर्षीं वळवापूर्वीं तपासणी झालीच पाहिजे. घरांतील यंत्रांचे प्लग मात्र तरीही वादळापूर्वींच काढावे.

माणूस गेल्यावर सरकार वारसास ४ लाख रुपये देतें. ही मदत योग्यच आहे. पण तिनें घरचा कर्ता परत येत नाहीं. शाळेवर किंवा देवळावर असें यंत्र बसविण्याचा खर्च निघाला, कीं आमची ग्रामसभा हात आंखडते. आमच्या शेतकरी बंधूंनीं येत्या सभेंत हा ठराव मांडावा. ज्या कागदांवर आम्हीं इतकीं नांवें वाचलीं, ते कागद पुढील वर्षीं कोरे राहावेत, एवढीच आमची इच्छा आहे.