किरणांचा मार आणि मनाचा घोर

चेर्नोबिलचे नाव आपण ऐकले असेल. २६ एप्रिल १९८६ रोजी तेथील अणुवीज केंद्रात स्फोट झाला. तो मुलूख तेव्हा सोव्हिएत संघात होता, आज युक्रेनमध्ये आहे. शेजारच्या प्रिपयात शहरातील सुमारे ४९ हजार माणसांना दुसऱ्याच दिवशी 'तीन दिवसांपुरते सामान घ्या' असे सांगून बाहेर काढले. ती कायमचीच गेली. मागोमाग खेडीही उठली; घर, गोठा, बटाट्याचे रान सारे सुटले.

किरणांचा घाव आधी रक्तावर बसतो. हाडांतल्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. या शरीराच्या राखणदार. किरणांची मोठी मात्रा बसली की त्या झपाट्याने घटतात, आणि साधा जंतूही भारी पडतो. केंद्रातले कामगार व आग विझवणारे मिळून १३४ जणांना किरणबाधेचा तीव्र आजार जडला. २८ जण त्याच वर्षी दगावले.

गाव सुटलेल्यांना मात्रा पुष्कळ कमी बसली होती. त्यांना पोखरले घोराने. लेकराला दूध पाजावे की नाही? ही भीती काही खुळी नव्हती. बाधित दूध प्यालेल्या मुलांत गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग खरोखरच वाढला. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ साली सांगितले, की तेथील आरोग्याचा सर्वांत मोठा प्रश्न मनाचा आहे.

मनाचा घोर मनातच राहत नाही. काळजी लांबली की अंगात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो आणि राखणदार सुस्तावतात. अमेरिकेत ओहायो येथे १९९५ साली घरच्या विसरभोळ्या रुग्णाची सेवा करून थकलेल्या बायकांची छोटीशी जखम पाहिली, तर ती भरायला इतर बायकांपेक्षा नऊ दिवस जास्त लागले. म्हणजे किरण आणि काळजी, दोन्हींचा मार त्याच राखणदारांवर.

आपल्या घरांत किरण येतात ते कर्करोगाच्या 'शेका'तून. ते मोजून, नेमक्या जागी देतात. तरी पांढऱ्या पेशी कधीकधी कमी होतात, म्हणून रक्त तपासतात. पण पुष्कळ घरांत रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा करतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. बाहेरून यंत्राने दिलेला शेक अंगात साठत नाही, दुसऱ्याला लागत नाही. नातवंडाला सर्दी-खोकला असेल तेवढे दिवस मात्र लांब ठेवा, आणि रुग्णाला ताप आला तर उजाडण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.